डबीतलं शहर आणि बाकावरचा रुमाल

आक्का, तुमचा फोटो भिंतीला लागला. बदनापूरच्या स्टुडिओवाल्यानं तुमच्या पाठीमागचं सगळं शहर खोडून टाकलं आणि तिथं निळं आभाळ लावलं, दोन पांढरे ढग घालून. डोक्यावरून घसरलेला पदर त्यानं कॉम्प्युटरवर ओढून परत डोक्यावर घेतला. कुंकू जरा मोठं केलं. कोपऱ्यातली तारीख पुसली. हसणं तेवढं राहू दिलं, ते काही पुसता येत नाही म्हणाला.

तेराव्याला आलेली एकेक बाई फोटोपुढं थांबायची आणि म्हणायची, "किती हासऱ्या होत्या गं. कवा काढल्ता हा?" मी म्हणायचे, काढला होता मागं कधीतरी. तुमच्या लेकीनं, वैशालीनं, मात्र दोनदा विचारलं. अंबडहून आल्यापासून ती त्या फोटोपुढून हलत नव्हती. "काकू, मम्मीला असं दात दाखवून हसताना मी कधी पाह्यलंच न्हाई. कुठं गेल्ता तुम्ही?" मी तिच्यावर खेकसले. पंगतीला वाढायला माणूस नाही आणि तू इथं काय करून राह्यलीस म्हणलं. खोटं बोलायची वेळ आली की मला राग येतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही असत्या तर मागून हळूच म्हणल्या असत्या, "शोभे, नाकाचा शेंडा लाल झालाय बघ."

पंगती उठल्यावर तुमचे मालक, भाऊजी, ओट्यावर बसले. चार पाहुण्यांत ते म्हणाले, "मागल्या वर्षी भादव्यात दाखवलं होतं तिला. डॉक्टर म्हणला काही न्हाई, साधी गाठ हाय. त्यानं तवाच बराबर बघितलं असतं तर आज ही पंगत उठली नस्ती." मग माझ्याकडं न बघता, दाराच्या चौकटीकडं बघून म्हणाले, "सोमवारी जातो मी दवाखान्यात. विचारतो त्याला, काय बघितलं होतंस म्हणून. तू चल संगं. तू होतीस तवा, तुला वळखता येईल तो." पाहुण्यांनी माना हलवल्या. जायलाच पाहिजे म्हणाले. मी आत गेले आणि परातीतला भात उगाच खालीवर करत बसले. त्या डॉक्टरनं तुम्हाला बघितलंच नव्हतं, आक्का. हे जगात आपल्या दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक आता भिंतीवर होती.

जावा जावा, उभा दावा म्हणतात. आपलाही होता, पण बसून भाजी निवडता निवडता चालणारा. मी या घरात आले तेव्हा तुम्ही मुरलेल्या सून होत्या आणि मला नीट भाकरी थापता येत नव्हती. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, तर सासूबाई आत यायच्या आधी तुम्ही म्हणल्या, "माझ्याच हातून लवंडलं." ही तुमची खोड शेवटपर्यंत गेली नाही. घरात काही फुटो, करपो, हरवो, माझ्याच हातून. पुढं अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा घरात कोणाला मी अर्ज करावा असं वाटत नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणल्या, "शोभी नोकरी करील. तिच्या वाट्याचं शेण मी काढीन." आणि काढलं. वीस वर्षं काढलं. मी कधी तुम्हाला त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलायचं असतं हे मला कळायचं, पण आपल्यात असलं कोण बोलतं?

आणि ती डबी. आमचे हे पूर्वी पाणलोटाच्या कामावर मुकादम होते. बांध झाला की त्याचा फोटो काढून साहेबाला द्यावा लागायचा, म्हणून त्यांनी तो बारका कॅमेरा घेतला होता. मुठीत मावेल एवढा, चपटा. मोबाईल आले आणि तो कपाटात गेला. तो तुम्ही शोधून काढला आणि पहिल्या दिवशीच त्याचं बारसं केलं, तंबाखूच्या डबीएवढा म्हणून डबी. बटण दाबलं की कासवानं मुंडी काढावी तशी त्याची काच बाहेर यायची, आणि दर वेळी तुम्ही खूश व्हायच्या. बॅटरी म्हातारी झाली होती. बंद पडून चालू झाला की तारीख पुन्हा एक जानेवारीवर जायची. मी म्हणायचे, अहो आक्का, माझ्या मोबाईलमध्ये याच्यापेक्षा चांगला फोटो निघतो. तुम्ही म्हणायच्या, "मोबाईलमधला फोटो निघायच्या आधी साऱ्या गावाला दिसतो. डबीतला डबीत राहतो." म्हशीचे फोटो काढले, वैशालीच्या लेकराचे काढले, फुललेल्या कापसाचे काढले. पण तुमचा जीव शहरात होता. एकदा डबी घेऊन शहरात फिरायचं, एवढंच तुम्ही मला सांगितलं होतं, तेही हसत हसत, आपलं वय झालं असलं मागायचं, म्हणून.

मग काखेजवळ गाठ लागली. तुम्ही ती दोन महिने कोणाला सांगितली नाही. आंघोळीला पाठ घासून देताना माझा हात लागला तेव्हा मला कळलं, आणि मी भाऊजींच्या कानावर घातलं. भाऊजींनी एक दिवसही लावला नाही. पोळा होऊन गेला होता, महालक्ष्म्या यायच्या होत्या. ते आपल्याला बदनापूरच्या स्टेशनावर सोडायला आले आणि म्हणाले, "बराबर दाखवा. जल्दी करू नका. डॉक्टर काय म्हणंल ते कागदावर लिहून आणा." तुम्ही आंब्याच्या पानाच्या रंगाचं लुगडं नेसल्या होत्या. दवाखान्यात जायला हे कशाला, असं मी विचारलं नाही. तुमच्या पिशवीत डबी होती, हे मला दिसलं होतं.

गाडीत तुम्ही डबी काढली आणि पदरानं तिची काच पुसायला लागल्या. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी बघितलं आणि तळहात पुढं केला. "बाई, चिमूटभर आम्हालाबी द्या की." आपण किती हसलो, आक्का. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही त्या आजोबांचाच फोटो काढला, तळहात पुढं केलेला, आणि त्यांना दाखवला. ते म्हणाले, आयला, हे तर मीच हाय. त्या घटकेला आपण कशासाठी निघालोय हे दोघींनाही आठवत नव्हतं, एवढं खरं.

शहरातल्या दवाखान्यात नंबरची चिठ्ठी मिळाली. बाकावर जागा मिळाली. डॉक्टर उशिरा बसले, मग एकेक नाव पुकारायला लागले. दोन तास बसलो असू. औषधांचा वास, रडणारी पोरं, वरती पंखा नुसताच करकरत होता. तुमचा चेहरा उतरत चालला. तुम्ही बोलेनाशा झाल्या, आणि तुम्ही बोलत नाहीत असं मी घरात कधी बघितलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी म्हणलं, "नंबर लांब हाय अजून. चला, जरा पाय मोकळे करून येऊ."

आता यात आपलं डोकं कसं चाललं ते मी कोणाला सांगू? अंबडच्या स्टँडवर एसटी लागली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. रुमाल पडला की जागा आपली. मग माणूस खाली उतरून चहा घेतो, लेकराला मुतवून आणतो, पाहुण्याशी बोलतो, कोणी त्या जागेवर बसत नाही. बसलंच तर भांडायचा हक्क आपला. आयुष्यभर असंच चालत आलं. तुम्ही बाकावर रुमाल अंथरला, वर पाण्याची बाटली ठेवली आणि शेजारच्या बाईला म्हणल्या, "ताई, एवढं ध्यान ठेवा, आलोच आम्ही." ती बाई फुलंब्रीकडची होती, भली होती. ठेवते म्हणाली. आपण निघालो. नंबर धरला, असंच आपल्याला वाटलं.

शहर मात्र तुम्ही असं बघितलं की तसं मी कोणाला बघताना पाहिलं नाही. तुम्ही दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायच्या, दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवताना धरतात तशी डबी दोन्ही हातांत धरायच्या आणि श्वास रोखायच्या. एका गोष्टीचा एकच फोटो. दुसरा नाही. म्हणून घाईही नाही. पाणचक्कीचं पाणी काढायला तुम्ही कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, कारण मधे कोणी ना कोणी यायचं आणि परक्या माणसाला विचारल्याशिवाय डबीत घालायचं नाही, हा तुमचा नियम. विचारल्यावर कोणी हो म्हणलं की त्याला नीट उभं करायचं, केस सारखे करायला सांगायचं. पाण्यावर चक्की फिरते हे भाऊजींना खरं वाटत नव्हतं. "ह्यांना पुरावा दाखवते," तुम्ही म्हणल्या. तुमचा एकेक फोटो घरी दाखवायसाठीच होता.

मग गुलमंडीचा बाजार. साडीच्या दुकानातली बाहुली काढली. "हिला माझ्यापरीस बराबर पदर घेता येतो," म्हणल्या. हिमरूची शाल हातावर घेऊन तिचा फोटो काढला, घ्यायची नव्हतीच. नानखटाईवाल्या चाचांनी डबी बघून विचारलं, "अम्मा, ये डिब्बा अब्बी चलता क्या?" तुम्ही म्हणल्या, "चलता बी हाय, दिखता बी हाय." चाचा इतके खूश झाले की त्यांनी दोन नानखटाया हातावर ठेवल्या. त्यांचाही फोटो निघाला, दाढीवरून हात फिरवून घेतल्यावर. तुम्ही शहराला शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणल्या. मी नवं नाव सांगितलं तर म्हणल्या, "असू दे गं, त्याला बी दोन नावं. मला माहेरचं येगळं अन् सासरचं येगळं हायच की."

आणि त्या जुन्या दरवाज्याखाली मी तुमचा फोटो काढला. रिक्षा जात होत्या, धूळ होती, वाऱ्यानं तुमचा पदर खाली आला. मी सवयीनं म्हणलं, "आक्का, पदर." तुम्ही म्हणल्या, "राहू दे की, इथं कोण सासरा बसलाय?" आणि हसल्या. मी बटण दाबलं. एवढाच त्या फोटोचा इतिहास. स्टुडिओवाल्याला मी तोच दिला. त्याच्याखाली आता उदबत्ती लावतात.

दवाखान्यात परत आलो तेव्हा बाकं निम्मी रिकामी होती. फुलंब्रीची बाई निघून गेली होती. रुमाल होता तसाच होता, बाटली होती तशीच होती, एवढ्या गर्दीत कोणी तिथं बसलं नव्हतं. जागा शाबूत होती. नंबर गेला होता. काउंटरवरच्या सिस्टर चांगलं बोलल्या. "तीनदा आवाज दिला हो मावशी. डॉक्टर गेले आता. सोमवारी या, पहिल्यांदा घेते तुम्हाला." तुम्ही रुमाल उचलला, झटकला, घडी करून कमरेला खोचला. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही म्हणल्या, "गप. सोमवारी येऊ की. सोमवार काय मरून पडला का?"

गाडीत बसल्यावर तुमच्या ध्यानात आलं, घरी काय सांगायचं? भाऊजी कागद मागणार. रुमाल टाकून गावभर हिंडलो म्हणायचं? तुम्ही म्हणल्या, सांगू की झाली तपासणी, काही न्हाई म्हणले. सोमवारी काहीतरी निमित्त काढून परत येऊ. मी हो म्हणलं. स्टेशनावर भाऊजी उभे होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून ते माझ्याकडं सरळ बघून कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "खरंच काही न्हाई म्हणले ना?" मी म्हणलं, "हो भाऊजी. साधी गाठ हाय म्हणले." साधी गाठ हे शब्द माझे, आक्का. तुम्ही तर एवढंच म्हणल्या होत्या की काही नाही. भाऊजींनी डोळे मिटून हात जोडले, कागद मागायचंही विसरले.

त्या सोमवारी महालक्ष्म्यांची तयारी होती. पुढच्या सोमवारी पाहुणे होते. मग कापूस फुटला. मी दोनदा विचारलं, आक्का, जायचं ना? तुम्ही म्हणल्या, दुखत तर न्हाई, अन् आता काय म्हणून सांगू घरी? साध्या गाठीला कोण परत जातं? आपलंच खोटं आपल्या दाराला कडी लावून बसलं होतं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.  अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांना लसीला आणायला मी दहा-दहा वेळा घरोघर फिरते.

फोटो एकोणीस निघाले होते. घरात कोणाला दाखवायची सोय राहिली नव्हती, पाणचक्कीचा पुरावासुद्धा भाऊजींना दाखवता आला नाही. दुपारी सगळे शेतात गेले की आपण दोघी न्हाणीच्या भिंतीला टेकून बसायचो आणि त्या बोटभर पडद्यावर बघायचो. चाचांना बघून तुम्ही दर वेळी तेच म्हणायच्या आणि मी दर वेळी हसायचे. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण खोटं कशाला लिहू?

होळीच्या सुमारास हात वर होईना. मग दवाखाना, दुसरा दवाखाना, सुया. पसरलंय म्हणले. तिथल्या बाईडॉक्टर भाऊजींना म्हणाल्या, "सहा-सात महिने आधी आल्या असत्या तर..." आणि फाईल मिटली. भाऊजी म्हणाले, आल्ती की हो, दाखवलं होतं की. मी शेजारीच उभी होते.

तुम्ही अंथरुणाला लागल्यावर आपलं शेवटचं भांडण सुरू झालं, आणि ते संपलं नाही. मी म्हणायचे, मी तुम्हाला उठवलं. तुम्ही म्हणायच्या, "चल मीच म्हणलं होतं." मी म्हणायचे, साफ खोटं, चला मी म्हणलं होतं, मला शब्द न् शब्द आठवतो. तुम्ही म्हणायच्या, "बरं, म्हणलीस तू. पण उठलं कोण? पाय माझे होते का तुझे?" दूध सांडलं तेव्हापासूनचा तुमचा तोच खेळ. मला राग यायचा. एकदा मी रागानं पाण्याचा तांब्या आपटला आणि बाहेर गेले. परत आले तर तुम्हाला झोप लागली होती. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं मनगट धरून म्हणल्या, "ह्यांना सांगू नको. ह्यांना वाटंल मी आपल्या जिवाचा खेळ केला." मी मान हलवली. आक्का, तुम्ही मला माफ केलं नाही. माफ करायला आधी माझी चूक कबूल करावी लागते, ती तुम्ही केलीच नाही. आता मी कोणाकडं जाऊ?

तुम्हाला दिलेला शब्द मी शनिवारी मोडला.

मी पुष्कळ विचार केला. सोमवारी पोटदुखीचं निमित्त काढता आलं असतं. पण भाऊजी एकटे गेले असते आणि ज्यानं तुम्हाला कधी बघितलं नाही अशा माणसाच्या गळ्याला हात घातला असता. रोज जेवताना ते त्या डॉक्टरला शिव्या देत होते, आणि शिव्या देऊन झाल्या की स्वतःला. "मीच गप राह्यलो," म्हणायचे. "मीच साधी गाठ म्हणून गप राह्यलो." माझे शब्द त्यांच्या तोंडात होते. 

सकाळची वेळ होती. भाऊजी निंबाखाली कासरा वळत बसले होते. मी चहाचा ग्लास ठेवला आणि गेले नाही, तिथंच उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"भाऊजी, सोमवारी जाऊ नका."

"का?"

"त्या डॉक्टरनं आक्काला बघितलं न्हाई."

"मंग दुसऱ्यानं बघितलं का?"

"कोणीच बघितलं न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. चला मी म्हणलं, हे आधी सांगितलं. रुमाल सांगितला, बाटली सांगितली, पाणचक्की सांगितली, स्टेशनावर मी काय बोलले ते सांगितलं. पदर डोक्यावर होता का नव्हता मला माहीत नाही. ते कासरा हातात धरून ऐकत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील, ग्लास फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं न कळल्यासारखं होतं.

"रुमाल टाकून गेल्ता?" ते म्हणाले. "दवाखाना काय एसटी हाय का?"

 चहावर साय धरली होती. त्यांनी विचारलं,

"नंबर कितवा होता तिचा?"

"एकतीस."

"आन तुम्ही उठला तवा आत कितवा होता?"

हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं नाही, मी विचारलं नाही. नंबर लांब होता, एवढंच आपण एकमेकींना सांगत आलो, वर्षभर, न्हाणीच्या भिंतीला टेकून, अंथरुणाशी बसून, दर वेळी. नंबर लांब होता, पुढं लई गर्दी होती. पण मला आठवत होतं. मला पहिल्यापासून आठवत होतं.

"बाविसावा," मी म्हणलं.

भाऊजींनी अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला आणि मोजायला लागले. तेवीस, चोवीस, पंचवीस. ओठ हलत होते. तीसवर अंगठा थांबला.

"आठ माणसं," ते म्हणाले. "आठच माणसं होती म्हणजे."

"हो."

ते उठले. कासरा खुंटीला अडकवला आणि शेताकडं गेले. चहा तसाच राहिला. सोमवारी ते कुठंही गेले नाहीत. डॉक्टरचं नाव आता घेत नाहीत, स्वतःला बोल लावत नाहीत, माझ्याशीही काही बोलत नाहीत. मी वाढलेलं जेवतात. वैशालीला त्यांनी काही सांगितलं का, मला कळायला मार्ग नाही. ती जाताना माझ्या पाया पडली, म्हणजे सांगितलं नसावं.

आज अंगणवाडीत वजनं घ्यायचा दिवस होता. पोरं काट्यावर नीट उभी राहत नाहीत, रडतात, एकाला दोनदा उतरवून परत चढवावं लागलं, एकीच्या आईशी बोलण्यात वेळ गेला. आठवं पोर उतरलं तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. वीस मिनिटं झाली होती. डॉक्टरला जास्त लागत असतील. दुप्पट धरा, चौपट धरा. चौपट धरली तरी दीड तासाच्या आत तुम्हाला आवाज आला असता, आक्का, आणि सगळी दुपार उरली असती. शहर तर कुठं जाणार नव्हतं.